बिनकांद्याचं गाठोडं

पिशवीतनं एकाच्या जागी दोन गाठोडी निघाली तेव्हा क्रांतीला आधी वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाची पिशवी उचलून आणली. पण पिशवी त्यांचीच होती, निळ्या बंदांची, आणि गाठोडी तिच्या सासूबाईंच्या, आक्कांच्या, जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. एक मोठं, एक बारकं. बारक्याच्या गाठीला तळलेल्या कांद्याचा स्टीलचा डबा. मोठ्याबरोबर नुसता सोललेला लसूण. धोंडुबाईनं दोन्ही गाठोडी दोन हातांत धरून तोलली. चटणीचा डंक चालवून तिला वीस वर्षं झाली, वजनाला काटा लागत नाही. "मोठं तीन किलोचं, बिनकांद्याचं. बारकं किलोचं, कांद्याचं. सकाळी फोन केलता आक्कानं. एकात एक मिसळू नगंस म्हणून बजावलंय." मग नाकावरचं फडकं हनुवटीखाली ओढून तिनं विचारलं, "कोण चाललंय गं लांब?"

क्रांतीला शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. डंकावर शिंका यायच्याच. पण आजच्या अगदी वेळेवर आल्या म्हणून तिनं त्या मुद्दाम जरा लांबवल्या, पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि तेवढ्यात काही सुचतंय का बघितलं. काही सुचलं नाही.

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात एप्रिल लागला की बाहेरच्या भिंतीसुद्धा तांबूस दिसतात. आत लोखंडी मुसळं ओळीनं वर जातात, खाली येतात, पायाखालची फरशी हादरत राहते आणि बायका आपापल्या पिशव्यांना गुडघे लावून बसून असतात, कारण नजर हलली तर आपली संकेश्वरी मिरची दुसरीच्या ब्याडगीत जायची. या सगळ्यांची घरं धोंडुबाईला वजनावरनं ठाऊक. कुठली सून वेगळी निघाली, कुणाचा मुलगा बाहेरदेशी गेला, कुणाकडचं माणूस गेलं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी एक बाई दरवर्षीच्या पाचऐवजी अडीच किलो घेऊन आली, तर हिनं काही न विचारता तिच्यापुढं आधी चहा ठेवला होता. क्रांतीच्या घरचे चार किलो. लग्न होऊन आली त्या वर्षी चार आणि आज पंधरा वर्षांनी चार. सासरे गेले त्या उन्हाळ्यातसुद्धा आक्कांनी मूठभर मिरची कमी केली नव्हती. येणारं-जाणारं असतंय की, म्हणाल्या होत्या. आणि आज तीन आणि एक. क्रांती दोन दिवस जयसिंगपूरला गेली होती, मुलीला, प्रियदर्शनीला, सुट्टीसाठी आजोळी सोडायला. तेवढ्यात दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याशी उभं राहून म्हातारीनं एकटीनं सगळं भाजलं होतं, तळलं होतं, आणि वाटणी करून मोकळी झाली होती.

वास्तविक आक्कांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. घरात चार महिने हा विषय दार लावून, आवाज खाली करून चालला होता. उदयसिंह, क्रांतीचा नवरा, शिरोलीच्या एका फौंड्रीत एकोणीस वर्षं जनरेटर आणि मोटारी सांभाळतो. भट्टीच्या धगीत दिवस काढून घरी आला की आंघोळ करायचा आणि मोबाईलवर बेटं बघत बसायचा. नोकऱ्या सोडून समुद्राकाठी राहायला गेलेली जोडपी, त्यांची मुलं, त्यांची सायकल, त्यांचं नारळाचं झाड. बघेना का, इतरांचे नवरे काय काय बघतात, असं क्रांती म्हणायची. मग त्यानं एक अर्ज केला. मग फोनवर मुलाखत झाली. मग अंदमानातनं, हॅवलॉकच्या एका रिसॉर्टवरनं पत्रच आलं: जनरेटर आणि पाण्याचा प्लँट सांभाळायचा, तीन वर्षांचा करार, पगार इथल्यापेक्षा थोडा कमी, पण राहायला दोन खोल्या फुकट आणि शाळा चालत दहा मिनिटांवर. फुलेवाडीतला फ्लॅट भाड्यानं द्यायचा, भाड्यातनं हप्ते जातील. क्रांतीच्या शिकवण्या बंद होतील, पण तिथं खर्च तरी कशावर करणार? आणि आक्का मलकापूरला, लेकीकडं. त्यानं हे सगळं इतक्या वेळा मांडून दाखवलं होतं की क्रांतीला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. आज संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. सकाळी डबा घेताना तो म्हणाला होता, "मी आलो की सांग. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! आणि क्रांती काय म्हणायची हे ठरलेलंच होतं. चार महिने ती एकच वाक्य म्हणत होती. आक्कांचं कसं करायचं? तो म्हणाला, तिथं हवा चांगली, की आक्कांचं कसं करायचं? तो म्हणाला, पोरगी पोहायला शिकेल, की खरं हो, पण आक्कांचं कसं करायचं? हे म्हटलं की तो मोबाईल पालथा ठेवायचा, आणि क्रांतीला बरं वाटायचं. नुसतं बरं नव्हे, चांगलं वाटायचं. आपण किती चांगली सून आहोत, असं. जयसिंगपूरला आईलासुद्धा तिनं परवा हेच सांगितलं आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याची क्रांतीला येताना एसटीत बसल्या बसल्या इतकी लाज वाटली की तिनं खिडकीकडं तोंड करून घेतलं. कारण ते खोटं होतं. आक्का आजारी नव्हत्या, आंधळ्या नव्हत्या, मलकापूरला त्यांचे हाल होणार होते असंही नाही. त्या तिला पुढं करायला सोयीच्या होत्या, एवढंच. आणि अडचण नेमकी कशाची हे ती स्वतःशीसुद्धा नीट बोलत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ते तिघं टूर कंपनीबरोबर अंदमानला गेले होते, सहा दिवस. चौथ्या दिवशी दुपारी उदयसिंह प्रियदर्शनीला घेऊन काचेच्या तळाच्या होडीत गेला आणि क्रांती, मळमळतं म्हणून, काठावर राहिली. पंजाबी ड्रेस घोट्यापर्यंत भिजला, मग गुडघ्यापर्यंत, मग ती सरळ पाण्यात बसलीच. कमरेइतकं कोमट पाणी. समोर कुणी नाही, मागं कुणी ओळखीचं नाही. कोण कुठली बाई पाण्यात बसली आहे हे विचारणारं त्या अख्ख्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. ती बसून राहिली. बोटांखालची वाळू सरकत होती. मग लांबून "मम्मी" अशी हाक आली आणि तिला एक क्षण, एकच क्षण, ही हाक आपल्याला आहे हे कळलं नाही. अर्धा तास झाला होता. त्या अर्ध्या तासात तिला पोरगी आठवली नव्हती, नवरा नव्हता, आक्का नव्हत्या, गॅस बंद केला का हेसुद्धा आठवलं नव्हतं. ती दचकून उठली ती अंगाला वाळू घेऊन धावतच सुटली आणि पोरीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. उदयसिंहला वाटलं बायको समुद्राला भ्याली. तो अजूनही सगळ्यांना हसत सांगतो, क्रांतीला पाण्याचं भ्या हाय. तिनं कधी ते खोडून काढलं नाही. पाण्याचं कसलं भ्या! आवडलं होतं तिला, जिवापाड आवडलं होतं, आणि तीन वर्षं तिथं राहिलं तर आपल्यातलं काय काय वाहून जाईल याची तिला धास्ती होती. घरदार सोडून जायची नव्हे, ते सोडल्यावर बरं वाटेल याची.

"अगं ए, घालू न्हवं मोठं आधी?" धोंडुबाई ओरडली. डंकावर ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. क्रांतीनं मोठ्या गाठोड्याकडं बघितलं. बिनकांद्याचं का, हे तिला मगाशीच कळलं होतं. आक्कांचं माहेर गगनबावड्याचं. तिथं चार महिने पाऊस उसंत देत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, आणि कांद्याच्या चटणीला पंधरा दिवसांत बुरा येतो. म्हणून बावड्याकडच्या बायका कांदा घालत नाहीत, लसूण आणि खोबरं घालून कोरडी ठेवतात, ती वर्ष काढते. पंधरा वर्षांत आक्कांनी हे तिला शंभरदा सांगितलं असेल. म्हणजे आक्कांना सगळं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हे, त्यांनी समुद्राची हवा कशी असेल, तिथं काय टिकेल, काय नासेल, इथपर्यंत विचार करून ठेवला होता. तीन किलो तुमचं, एक किलो माझं, जावा. क्रांतीला वाटलं कुणीतरी आपल्या पाठीमागची भिंत काढून नेली. आता उदयसिंह आला की काय म्हणायचं? आक्कांचं कसं करायचं? आक्कांनी स्वतःचं केलं होतं, गाठ मारून, डबा बांधून. दीडच वाजला होता, पण सहा अगदी समोर येऊन उभे राहिल्यासारखे झाले, आणि तोंडातनं शब्द गेला तो तिनं ठरवून काढलेला नव्हता.

"एकत्रच टाका."

"काय?"

"एकत्र टाका म्हटलं. कांदा सगळ्यात घाला. नेहमीसारखं."

धोंडुबाईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "आक्का शिव्या घालंल की मला."

"मला घालू देत. टाका तुम्ही."

धोंडुबाईनं क्रांतीकडं बघितलं, नाकावर फडकं चढवलं आणि दोन्ही गाठी सोडल्या. मिरची मिरचीत गेली. मुसळ खाली आलं, वर गेलं. कांद्याचा गोडसर तळकट वास तिखटात मिसळला तशी क्रांती भानावर आली. आता हे वेगळं काढता येणार नव्हतं. आपण काय केलं, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं: हिंमत होत नाही म्हणून चटणी नासवली. चाळिशीला आलेली बाई, पोरांना गणित शिकवते, आणि करार टाळायला चटणीत कांदा घालते! तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं, पण डंकावर डोळ्यांतल्या पाण्याचा कुणी हिशेब ठेवत नाही. शेजारच्या बाईनं उलट सरकून तिला वारा यायला जागा करून दिली.

ऊन रणरणत होतं. स्कूटीवर दोन्ही पायांच्या मध्ये डबा, कुटून आलेली चटणी इतकी गरम की पत्रा पोटऱ्यांना चटके देत होता. रंकाळ्याच्या कडेनं येताना तिनं पाण्याकडं बघायचं टाळलं. फुलेवाडीला त्यांच्या इमारतीसमोरनं जाणारा रस्ता सरळ गगनबावड्याला जातो. एक एसटी धूळ उडवत तिकडं गेली आणि क्रांतीच्या मनात आलं, आक्का या रस्त्यानं पहिल्यांदा आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या असतील. त्यांना कुणी विचारलं असेल का, येतीस का म्हणून? जिना चढताना डबा जड झाला. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत तिनं तीन वेगवेगळी खोटी कारणं तयार केली होती. धोंडुबाई विसरली. गर्दी होती. मला फोन आला.

आक्का स्वयंपाकघरात जमिनीवर परात मांडून, पाय पसरून बसल्या होत्या. भरायच्या दोन बरण्या धुऊन उन्हात ठेवलेल्या. क्रांतीनं डबा परातीत उपडा केला. तांबडा, ओलसर, वाफाळता ढीग पडला. आक्कांनी चिमूट उचलली, वास घेतला, जिभेवर ठेवली.

"कांदा हाय की गं ह्यात."

"हाय."

"सगळ्यात?"

तिन्ही कारणं तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. "मीच सांगितलं, एकत्र टाका म्हणून."

आता शिव्या येणार म्हणून क्रांतीनं खाली बघितलं. शिव्या आल्या नाहीत. तिनं मान वर केली तर आक्कांचा चेहरा सैल पडला होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. त्या चक्क हसत होत्या.

"म्हंजे जाणार न्हाईसा."

क्रांती परातीच्या कडेला सांडलेली चटणी बोटानं आत लोटत राहिली.

"मला ठावंच हुतं," आक्का म्हणाल्या, आणि चटणीवर हात फिरवायला लागल्या, गार करायला. "घर केवढं, भिंत केवढी, कान हाईत की मला. तुमची ती कुजबूज चार म्हयनं ऐकतोय. माझ्या म्होरं कुणी बोलंना. मलकापूरला धाडायचं ठरवलं, पर येतीस का म्हणून एका शब्दानं कुणी इचारलं न्हाय. मी आलो नसतो, ती गोष्ट येगळी. मग म्हटलो, उदयला काय बोलायचं, त्याचं वेड हाय ते. पर क्रांती हाय. दोन गाठोडी बांधून धाडतो, डोळ्यांनी बघितलं की हिचा धीर सुटंल, ही न्हाईच म्हणंल. पंधरा वर्षं बघतोय तुला."

"आणि नसता सुटला म्हणजे?"

"तर काय, किलोभर घिऊन गेलो असतो मलकापूरला. लेकीच्या घरात दुसऱ्याची चटणी कशाला खाऊ? पर सुटणार हुताच." आणि आक्कांनी चटणीच्या हातानं, तांबड्या बोटांनी, तिच्या गुडघ्यावर मायेनं थापटलं.

क्रांतीनं त्या बोटांकडं बघितलं. थापटून झालं तरी ती गुडघा सोडत नव्हती. म्हातारी भ्याली होती, चार महिने एकटी भिऊन बसली होती, हे बघून तिचा जीव गलबलला. आणि त्याच वेळी तिला असा संताप आला की कान तापले. पंधरा वर्षं बघतोय तुला! म्हणजे या घरात सगळ्यांनी तिच्या भित्रेपणावर भरवसा टाकून ठेवला होता. हिला पाणी सोसत नाही, हिला लांबचं झेपत नाही, ही न्हाईच म्हणणार. आणि तिनं तरी काय केलं होतं? चार महिने आक्कांच्या नावामागं लपली होती आणि आक्का तिच्यामागं. दोघी एकमेकींच्या पाठीमागं. तिला कमरेइतकं कोमट पाणी आठवलं, बोटांखालची वाळू, आणि न ओळखलेली ती हाक. ती खाली बसली.

"आक्का, मला जायचंय."

आक्कांचा हात चटणीवर थांबला.

"मी त्यांना सारखी म्हणत होते, आक्कांचं कसं करायचं. ते खोटं होतं. मला जायचंय. खूप जायचंय, म्हणून भीती वाटते."

"मग चटणी कशाला नासवलीस गं?"

"भ्याले."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आक्कांनी परातीतली चटणी मधनं बोटानं दुभागली, मग पुन्हा एक केली. "मी बी भ्यालतो," त्या म्हणाल्या. चटणी गार होत राहिली.

पाचाच्या जरा आधी कुलपात किल्ली फिरली. आक्का एक बरणी घेऊन आतल्या खोलीत गेल्या, झाकण पुसायचं निमित्त करून. उदयसिंह दारातच शिंकला. "झाली व्हय चटणी? जिन्यापतुर वास हाय." तो खुर्चीवर बसला, एक बूट काढला. चेहऱ्यावर काजळी, शर्टाची कॉलर ओली. गेले चार महिने घरी येताना त्याचा जो चेहरा असायचा तसाच होता, मागायला आलेल्या माणसाचा. क्रांतीला त्याची दया आली. आता आपण बोलणार आणि हा चेहरा उजळणार, या कल्पनेनं तिच्या छातीत धडधडायला लागलं.

"अहो, कळवून टाका त्यांना. हो म्हणून."

त्याचे हात दुसऱ्या बुटाच्या नाडीवर होते. ते तिथंच राहिले.

"व्हय?"

"हो. जायचं आपण."

तो हसला. हसू ओठांवर आलं आणि कुठंच गेलं नाही. त्यानं परातीकडं बघितलं, गॅलरीकडं बघितलं, भिंतीवरच्या फौंड्रीच्या कॅलेंडरकडं बघितलं. नाडी सोडून पुन्हा बांधली. क्रांती त्याच्याकडं बघत होती आणि तिच्या छातीतली धडधड हळूहळू बसत चालली होती, कारण पुढचं वाक्य तिला त्याच्या आधी ऐकू आलं.

"खरं, आक्काचं कसं करायचं गं?"

अगदी तिचंच वाक्य. तिच्याच हळू आवाजात. आतल्या खोलीत बरणीचं झाकण फिरायचं थांबलं.

म्हणजे हासुद्धा. नारळाचं झाड, सायकल, पोहणारी पोरगी, सगळं हा इतक्या बिनधास्त मागत होता ते बायको देणार नाही या खात्रीवर! क्रांतीला राग यायला हवा होता, पण तो मघाशी आक्कांवर येऊन संपला होता. भीती मात्र होती. सगळीच्या सगळी होती. फक्त त्या भीतीमागं लपावं असं आता तिला वाटत नव्हतं. ती उठली. त्याच्या शर्टाच्या खिशातनं मोबाईल काढला आणि त्याच्यापुढं धरला. तिच्या बोटांचे तांबडे ठसे काचेवर उमटले.

"आक्का आत आहेत. त्यांना काय विचारायचं ते त्यांना विचारा. पहिल्यांदाच विचारणार आहे त्यांना कुणीतरी. नाहीतर हा घ्या आणि फोन करा."

उदयसिंहनं हात पुढं केला नाही. पाच वाजले. क्रांतीचा हात तसाच होता. चटणी नीट गार झाली नव्हती, भरायची राहिली होती, कांद्याची होती, तिथं पंधरा दिवससुद्धा टिकणार नव्हती. पंधरा दिवस तर पंधरा दिवस, तिनं मनात म्हटलं. हाताला रग लागली तशी तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला.

तेवढ्यात आक्का बरणी कडेवर घेऊन दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी सुनेकडं बघितलं, मग लेकाच्या एका पायातल्या बुटाकडं.

"घे की रं," त्या म्हणाल्या. "किती येळ धरायचं तिनं?"